पोट्टं मांगं तं नाही पडलं ना? माणसाच्या वाढीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या एका बी.एड. कॉलेजात मी बरीच वर्षं बालमानसशास्त्र शिकवलं. खाली दिलेले प्रश्न मात्र वर्गात कमी आणि वर्गाबाहेरच जास्त विचारले गेलेत: पालकसभा संपल्यावर जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, अंबाझरीच्या काठावर सकाळी फिरताना. दीड वर्षाच्या मुलीच्या आईपासून नुकत्याच रिटायर झालेल्या गृहस्थांपर्यंत सगळ्यांच्या मनात थोड्याफार फरकानं एकच असतं: मागं तर पडलो नाही ना? म्हणून शक्य तिथं मी हेही सांगितलंय, की तो सिद्धांत कोणाला बघून मांडला गेला. वयाचे आकडे वाचण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

"दीड वर्षाची झाली, अजून बोलत नाही. शेजारचं पोट्टं तं गाणे म्हणते."

हा प्रश्न सिद्धांताचा नाही, बालरोगतज्ज्ञांचा आहे, म्हणून तो सगळ्यात आधी घेतो. मूल कधी बसतं, कधी चालतं, पहिला शब्द कधी बोलतं हे वाढीचे टप्पे झाले. पियाजे-एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या अवस्था ही निराळी गोष्ट. लोक दोन्हींची सरमिसळ करतात.

टप्प्यांना केवढी मोकळीक असते ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचं निरीक्षण करून २००६ साली आकडे प्रसिद्ध केले. आधाराशिवाय चालणं साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही सुरू झालेलं आढळलं. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि तरी नीट चालायला लागली. त्यामुळे शेजारच्या पोट्ट्याशी तुलना करून काही कळत नाही.

तरीही काही गोष्टींत "बोलेल हळूहळू, तिचा बापही उशिरा बोलला होता" म्हणत थांबू नका. हाक मारल्यावर वळून बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, असं असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत तपासणीला येतात, तिथंही विचारता येतं.

इतके सिद्धांत कशाला? एक धरून चालत नाही का?

नाही चालत, कारण प्रत्येकानं विचारलेला प्रश्न वेगळा. मूल विचार कसं करतं हे पियाजेनं पाहिलं. समाजात वावरताना 'मी कोण' हे कसं ठरत जातं, ते एरिक्सननं. बोल्बीनं जीव लावणं पाहिलं, कोलबर्गनं बरं-वाईट ठरवणं, बाल्टेसनं जन्मापासून म्हातारपणापर्यंतची कमाई आणि गळती. एकाच वाड्याचे पाच दारांतून घेतलेले फोटो समजा.

पियाजेची ती ग्लासाची गोष्ट काय आहे?

घरी करून बघा. दोन सारख्या ग्लासांत सारखा संत्र्याचा रस ओता. पाच वर्षांच्या मुलाला विचारा, सारखा आहे ना? हो म्हणेल. आता त्याच्यासमोरच एका ग्लासातला रस उंच, निमुळत्या ग्लासात ओता आणि पुन्हा विचारा. बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात: यात जास्त. सात-आठ वर्षांचं मूल हसतं आणि म्हणतं, तोच तर रस आहे, परत ओतून बघा.

ज्याँ पियाजे १८९६ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मला आणि पोरवयात शंखशिंपल्यांच्या मागे लागला. पुढे पॅरिसला मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्यांचं काम करताना बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांनी त्याला जास्त खिळवलं. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकतात, म्हणजे त्या चुकीमागे काहीतरी तर्क असणार, असं त्यानं धरलं. त्यातून चार अवस्था निघाल्या: दोन वर्षांपर्यंत हातातोंडानं जग समजून घेणं, साधारण सातपर्यंत क्रियापूर्व अवस्था, अकरापर्यंत डोळ्यांसमोरच्या वस्तूंवर तर्क चालवणारी मूर्त क्रियात्मक अवस्था, आणि पुढे "समजा असं झालं तर" हा विचार पेलणारी औपचारिक अवस्था. सुरुवातीची बरीच निरीक्षणं त्यानं स्वतःच्या तीन मुलांवर केली आहेत.

क्रियापूर्व या रुक्ष नावामागे काय दडलंय ते आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला रस्त्यावर दिसतं. चाकांचा लाकडी बैल, त्याला झूल, गळ्यात घुंगरू, आणि त्याला दोरीनं ओढत घरोघर बोजारा मागत फिरणारी चिल्लीपिल्ली. त्यातलं चार वर्षांचं पोट्टं बैलापुढं पाण्याची वाटी ठेवतं. बैल लाकडाचा आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि तरी त्याला तहान लागलेली असते. एका वस्तूनं दुसरीच्या जागी उभं राहायचं ही करामत साधारण दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. पुढची भाषा, चित्रं, गणित सगळं याच करामतीवर उभं राहतं. मला तर ग्लासाच्या प्रयोगापेक्षा हा बैल जास्त सांगून जातो.

मग पियाजे चुकला असं का म्हणतात?

प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत चुकला असावा. १९७४ साली मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी असाच एक प्रयोग थोडा बदलून केला. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक मोठ्या माणसानं हलवण्याऐवजी एका खट्याळ टेडी अस्वलानं येऊन विस्कटली. मग विचारल्यावर कितीतरी जास्त मुलांनी "सारख्याच आहेत" म्हणून सांगितलं. कारण उघड आहे. मोठ्या माणसानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मूल समजतं, पहिलं उत्तर चुकलं. मास्तर "नक्की?" म्हणाले की आपणही उत्तर बदलायचोच की!

तेव्हा वयाचे आकडे सैल धरा. मूल आपल्यासारखा विचार कमी प्रमाणात करत नाही, वेगळ्या तऱ्हेनं करतं, हा त्याचा मुद्दा बऱ्याच अंशी टिकलाय.

व्हायगॉट्स्की काय वेगळं सांगतो?

गोकुळपेठच्या बाजारात आजोबा सात वर्षांच्या नातीला म्हणतात, "शंभराची नोट दिली, साठ झाले, तर परत किती?" ती अडते. "दहा-दहानं मोज ना बाप्पा," आजोबा म्हणतात. सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर. चार बोटं. चाळीस! एकटीला जमत नव्हतं, शेजारी कुणी असलं की जमतं, एवढ्या अंतराला सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कीनं समीपस्थ विकासाचं क्षेत्र म्हटलं. शिकवणं तिथंच व्हावं. त्याच्या अलीकडे मूल कंटाळतं, पलीकडे रडतं.

हाही १८९६ चाच, पण क्षयानं १९३४ साली, सदतीस वर्षांचा असताना गेला. पुढं सोव्हिएत राज्यात त्याच्या लेखनावर वीसेक वर्षं बंदी होती, म्हणून जगाला तो उशिरा कळला. परीक्षेला बसणाऱ्यांसाठी: आधाराची 'पराती' (बांधकामाला लावतात ती, इंग्रजीत scaffolding) ही उपमा त्याची नव्हे, ती वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ साली वापरली.

ट्यूशन क्लासवाले हल्ली याचं नाव घेतात. साठ मुलांच्या बॅचमध्ये कुणाचं क्षेत्र कुठं आहे हे त्यांना कसं कळतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आई मिहानमध्ये नोकरीला, बाळ दिवसभर आजीकडे. बाळाचं मन तुटेल का?

नाही. पण हा धाक कुठून आला ते सांगतो.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या आणि संस्थांत वाढणाऱ्या मुलांची ती पार्श्वभूमी. खाणंपिणं, औषधपाणी असूनही जिव्हाळ्याच्या माणसावाचून ही मुलं कोमेजतात, हा त्याचा निष्कर्ष. तो अनाथालयांबद्दल होता, लोकांनी तो ऑफिसला जाणाऱ्या आईवर चिकटवला. खुद्द बोल्बी दाईच्या हाती वाढला, आणि तो चारेक वर्षांचा असताना ती दाई घर सोडून गेली. ते दुःख तो विसरला नाही. म्हणजे त्यालाही जिनं जीव लावला होता ती आई नव्हतीच.

त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ हिनं आधी युगांडातल्या खेड्यांत आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला आई आणि बाळं पाहिली. बाल्टिमोरला तिनं एक प्रसंग रचला: वर्षाचं बाळ, अनोळखी खोली, आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. आई गेल्यावर बाळ किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर शांत होतं का, हे तिच्या लेखी महत्त्वाचं. पुढे हाच प्रसंग जपानमध्ये केला तेव्हा बरीच बाळं समजावताही येईनात इतकी रडली, कारण आईशिवाय एकटं राहायची त्यांना सवयच नव्हती. जर्मनीच्या एका अभ्यासात उलट बरीच बाळं आईकडे फिरकली नाहीत, तिथं लवकर स्वावलंबी व्हावं ही रीत. १९८८ साली असे अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या अभ्यासांमधला फरक दीडपट भरला.

आपल्याकडे बाळ आईच्या, आजीच्या, काकूच्या मांडीवरून फिरतच मोठं होतं. माणसं एकापेक्षा जास्त असली तरी चालतं, फक्त ती रोजची आणि ठरलेली असावीत. दर दोन महिन्यांनी सांभाळणारी बदलत असेल तर मात्र विचार करा.

एरिक्सनच्या आठ अवस्था थोडक्यात सांगा.

बाळपणी जगावर विश्वास ठेवावा की नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी "माझं मी करतो" विरुद्ध लाज, शाळेआधी पुढाकार विरुद्ध अपराधीपणा, शाळेत उद्योग विरुद्ध न्यूनगंड, किशोरवयात ओळख, तरुणपणी जवळीक की एकटेपण, मध्यमवयात पुढच्या पिढीसाठी काही करणं की साचून जाणं, आणि शेवटी झालं ते आयुष्य आपलं मानणं की हळहळणं. १९५० साली त्यानं हे मांडलं. तो गेल्यावर, १९९७ साली, त्याची बायको जोन हिनं अतिवृद्धांसाठी नववी अवस्था जोडली. ती स्वतः तेव्हा नव्वदी ओलांडलेली होती.

ओळखीचा प्रश्न त्याच्या घरचाच होता. जन्मदाता बाप कोण हे त्याला कधीच कळलं नाही. सावत्र वडिलांचं होम्बर्गर आडनाव लावून तो वाढला आणि १९३९ साली अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यानं स्वतःचं नाव एरिक्सन केलं. एरिकचा मुलगा एरिक! कुठलीही विद्यापीठाची पदवी नसताना तो पुढं हार्वर्डला प्राध्यापक झाला.

आपल्याकडच्या वाचकाला त्याचं गांधीजींवरचं पुस्तक ठाऊक असावं. त्याला १९७० चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. सेवाग्राम नागपूरहून दीड-दोन तासांवर असल्यामुळे विद्यार्थ्यांना वाटतं की ते वर्ध्याच्या गांधींबद्दल असेल. पण त्याचा गाभा १९१८ चा अहमदाबादचा गिरणी संप आहे. तेव्हा गांधीजी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे एरिक्सनच्या सातव्या अवस्थेत.

हे आपले चार आश्रमच ना? ऋषींनी आधीच सांगून ठेवलंय.

साम्य आहे. एरिक्सनसोबत काम केलेले मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९६८ साली याच तुलनेवर लेख लिहिला होता. पण आश्रम सांगतात माणसानं काय करावं, आणि तेही सगळ्यांना नाही. बायका आणि शूद्र त्या चौकटीबाहेर. एरिक्सन सांगतो माणसाला काय छळतं.

आणि दोन्ही आराखडे कुठं तोकडे पडतात ते बघायला नागपूरकराला लांब जायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते, प्रकृती पार खालावलेली. पुस्तकाप्रमाणे हे वय मागे वळून हिशेब मांडण्याचं. त्यांनी त्या दिवशी स्वतःची ओळख नव्यानं घडवली आणि लाखो लोकांना नवी दिली. पाचवी, सातवी आणि आठवी अवस्था एकाच दिवशी! दोन महिन्यांच्या आत ते गेले. वर्गात आठ अवस्थांचा तक्ता फळ्यावर काढून झाला की मी हे विचारायचो: यांना कुठल्या रकान्यात बसवाल? उत्तर देण्याची घाई कुणी करत नसे.

"पोरगा चोवीसचा झाला, अजून काही ठरवून नाही राहिला."

जेम्स मार्सियानं १९६६ साली तरुणांच्या चार स्थिती सांगितल्या. शोधून ठरवलं, शोध चालू आहे, न शोधताच ठरलं, ना शोध, ना ठरवणं. इतवारीतलं वडिलांचं दुकान दहावीपासून ठरलेलं असणं ही तिसरी. नातेवाइकांना हीच सगळ्यात आवडते. तुमचा मुलगा दुसरीत आहे की चौथीत, एवढंच बघा. गेल्या वर्षभरात त्यानं काही करून पाहिलं का, कुणाला भेटला का, काही सोडलं का? असेल तर तो शोधतोय. सलग चौथ्यांदा तीच स्पर्धा परीक्षा, तीच लायब्ररीतली खुर्ची, आणि मनात दुसरंच असेल, तर बसून बोलायला हवं.

जेफ्री आर्नेट यांनी २००० साली अठरा ते पंचवीस या वयाला स्वतंत्र टप्पा म्हटलं. अमेरिकेतली मुलं बघून मांडलेलं हे. हिंगणा एमआयडीसीत पाळी करून घर चालवणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलाला हा टप्पा कुणी देऊच केलेला नसतो.

चाळिशीत मिडलाइफ क्रायसिस येतोच का?

येतोच असं नाही. हा शब्द एलियट जॅक्स यांनी १९६५ साली मोठमोठ्या कलावंतांची चरित्रं चाळून काढला. डॅनियल लेव्हिन्सननं १९७८ साली तो पक्का केला, तो चाळीस पुरुषांच्या मुलाखतींवर. फक्त चाळीस, आणि सगळे अमेरिकन. नंतर तिथंच मोठ्या पाहणीत विचारलं तर सुमारे एक चतुर्थांश लोकांनी असं काही झाल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या बोलण्यात वयापेक्षा घटस्फोट, नोकरी जाणं, आजारपण हेच होतं. तेव्हा बुलेट घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण लेव्हिन्सनचं नाव नका सांगू.

या सगळ्यात बायका कुठं आहेत?

बऱ्याच ठिकाणी नाहीतच. कोलबर्गनं नैतिक विकासाच्या सहा पायऱ्या मांडल्या, त्या शिकागोच्या मुलग्यांना विचारून. बायकोसाठी औषध चोरावं का, हा त्याचा प्रसिद्ध पेच. त्याचीच सहकारी कॅरल गिलिगन हिनं १९८२ साली आक्षेप घेतला, की "नात्याचं काय होईल" असा विचार करणारीला या मोजपट्टीवर खालची पायरी मिळते. नंतरच्या अभ्यासांत स्त्री-पुरुषांच्या गुणांत फारसा फरक सापडला नाही, पण मोजपट्टी कोणी आखली हे विचारायची सवय तिनं लावली.

बाबा अठ्ठावन्नला रिटायर झाले. आता सगळा उतारच का?

पॉल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं, की प्रत्येक वयात काही मिळतं आणि काही जातं. म्हातारपणी जाणं वाढतं, पण मिळणं थांबत नाही. नवं कोडं झटपट सोडवण्याची बुद्धी लवकर मंदावते, तर शब्दसंग्रह आणि अनुभवाचं शहाणपण बराच काळ टिकतं. वॉर्नर शाई यांनी १९५६ साली सिएटलला सुरू केलेल्या अभ्यासात तीच माणसं दर सात वर्षांनी तपासली. बहुतेक क्षमतांची ठळक घसरण साठीनंतरच दिसली. आजचा तरुण आणि आजचा म्हातारा शेजारी बसवून तुलना केली की घसरण उगाच मोठी दिसते, कारण दोघांचं शिक्षणच वेगळं.

बाल्टेस पियानोवादक रुबिन्स्टाइनचं उदाहरण देत असे. ऐंशीव्या वर्षी कसं जमतं? कमी रचना निवडतो, त्यांचाच जास्त सराव करतो, आणि जलद भाग येण्याआधी मुद्दाम हळू वाजवतो, म्हणजे तो भाग जास्त जलद वाटतो. माझ्या ओळखीचे एक आचारी असंच करतात. दोनशे पानांची ऑर्डर घेत नाहीत, फक्त सावजीचा मसाला स्वतः भाजतात, आणि पाटा-वरवंटा नातवाकडे.

बाबांचे मित्र कमी झाले म्हणून घाबरू नका. पुढचा वेळ थोडा आहे असं जाणवलं की माणूस ओळखीपाळखी गाळून जिवाभावाच्या चार माणसांत रमतो, असं लॉरा कार्स्टेन्सन यांचं संशोधन सांगतं. पण रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशांचा हिशेब अचानक न जमणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा, याला वय झालं म्हणू नका. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

आई गेल्यानंतर मला रागच आला नाही. दुःखाचे पाच टप्पे पूर्ण व्हावे लागतात ना?

नाही. एलिझाबेथ क्युबलर-रॉसनं १९६९ साली ते (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांवर ते नंतर लावले गेले. क्रम नाही, सक्ती नाही. तुमचं काही चुकलेलं नाही.

लहानपणी हाल झाले, तर आयुष्य वाया का?

हवाईच्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांना एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी दशकानुदशकं पाहिलं. गरिबी, भांडणं, आजार अशा खूप अडचणींत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, कर्ती माणसं झाली. त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ घरातलं किंवा बाहेरचं निदान एक भरवशाचं माणूस होतं. आजी, शिक्षक, शेजारीण, कुणीही.

टीईटीला (शिक्षक पात्रता परीक्षेला) काय पाठ करू?

बालमानसशास्त्राचे तीस गुण आहेत. पियाजेची वयं, एरिक्सनच्या जोड्या, कोलबर्गच्या पातळ्या पाठ करा, तिथं सैल धरून चालणार नाही. परीक्षा झाली की वर्गात जाऊन मुलांकडे बघा.

मदत हवी असेल तर जायचं कुठं?

मुलाच्या वाढीची शंका असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ. चाचण्या आणि समुपदेशनासाठी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, ज्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. औषध लागणार असेल तर मनोविकारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही मिळते. तिथं तुमचं वय विचारतील, पण ते फक्त नोंदीसाठी.